दारातून ऐकलेला सुपरहिट

त्या जानेवारीत आमच्या घरात सकाळच्या चहाआधी कोटी यायचे. काका तोंडात ब्रश ठेवूनच मोबाइल उघडायचे आणि जिन्याखालून मला हाक मारायचे, "ओ मॅडम, हे वाचा बरं. इंग्रजीत हाय."

मी इंग्रजी शाळेत शिकले त्याचा आमच्या घराला झालेला हा पहिला ठळक उपयोग. वडिलांची नोकरी बदलीची, म्हणून पाचवीपासून मला हिंगोलीला काका-काकूंकडे ठेवलं होतं. नंतर कॉलेज बाहेरगावी झालं आणि आता एका कंपनीचं काम मी वरच्या खोलीत बसून लॅपटॉपवर करते. त्या कामात कोणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडतं. पण कोटी वाचायला खाली जावं लागायचं. मुंबईतले कोण कोण लोक रोज सकाळी पिक्चरच्या कमाईचा आकडा टाकतात, पुढे इमोजी: आगीच्या ज्वाळा, रॉकेट, फुगवलेले दंड. एक आकडा कर धरून असतो, एक कर वजा करून. मी दोन्ही वाचले, दोन्हीतला फरक समजावून सांगितला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चूळ भरली आणि मोठा आकडा गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

"आपल्या पिक्चरनं काल पार धुराळा केला," असं त्याखाली लिहिलं.

पिक्चर आपला कसा, हे मी कधी विचारलं नाही. तो हिंदी होता, बनवला होता मुंबईच्या लोकांनी. शूटिंग परदेशातलं, आणि त्यातल्या हिरोला नकाशावर हिंगोली दाखव म्हटलं असतं तर त्याचं बोट बहुतेक समुद्रात पडलं असतं. पण चौकातल्या हॉटेलबाहेर बसणारी सगळी माणसं त्या दिवसांत अशी बोलत होती, की संध्याकाळी ती कमाई यांच्याच खात्यावर जमा होणार आहे. दुसऱ्या एका हिरोच्या पिक्चरनं मागच्या वर्षी किती केले, यानं किती केले, यावरून दोन साडूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. पिक्चर कसा आहे यावर मात्र मी एकही वाक्य ऐकलं नाही. चांगला आहे का, असं विचारणाऱ्याला आकडा सांगितला जायचा.

काकांचा उत्साह साधा नव्हता, त्याला कारण होतं. काका म्हणजे साहेबांचा माणूस. साहेब आमच्या भागातले पुढारी. निवडून यायचे आहेत, अजून आलेले नाहीत. पिक्चर भावा-बहिणीचा. बहिणीवर अन्याय होतो आणि भाऊ परदेशातून येऊन गावभर माणसं तुडवतो, एवढी गोष्ट जाहिरातीवरूनच कळत होती. साहेबांच्या डोक्यात आलं, की संक्रांतीचे दिवस आहेत, घरोघरी हळदीकुंकू चाललंय, तर ते टॉकीजमध्येच करावं. सगळे दुपारचे शो आपण घ्यायचे आणि बायकांना फुकट दाखवायचे. दोन दिवसांत टॉकीजवर बॅनर चढलं. 'माता-भगिनींना भावाची भेट.' त्यावर साहेबांचा चेहरा हिरोपेक्षा मोठा होता, आणि हिरोची बंदूक नेमकी साहेबांच्या कानाकडे रोखलेली होती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलंही नाही.

बायका जमवण्याचं काम काकांकडे आलं आणि दाराशी उभं राहून त्यांना हळदीकुंकू लावण्याचं काम काकूकडे. काकूला कोणी विचारलं नव्हतं. काका जेवताना म्हणाले, "उद्यापासनं टॉकीजवर यायचंय तुला. जरीची साडी नेस."

"पिक्चर बघायला?" काकूनं विचारलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. घरातला टीव्ही सोडला तर लग्नानंतर तिनं पिक्चर पाहिलेला नव्हता. टॉकीज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

"बघ की. दारातच ऱ्हाशील ना," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिला मदत म्हणून मलाही नेलं. मला तबक धरून उभं राहायचं होतं, म्हणजे बोलायची गरज नव्हती. पुसेगावहून, साखऱ्याहून, आजूबाजूच्या तांड्यांवरून क्रूझर गाड्या भरून बायका येत होत्या. एकेका गाडीतून उतरणाऱ्या बायका संपतच नव्हत्या. काकू हळद लावायची, कुंकू लावायची, मनगटाला अत्तराचं बोट, की पुढची. साखरा काकूचं माहेर. त्यामुळे तिथल्या बायका रांग थांबवून बोलायच्या.

"काय गं बाई, तुजी तर मज्जा हाय. रोज पिक्चर."

"व्हय तर," काकू म्हणायची. "चल हो पुढं. रांग थटली."

आत काय चालायचं ते मी पहिल्याच दिवशी दाराचा पडदा बाजूला करून पाहिलं. विधवा बायकांना मागच्या रांगांत बसवलेलं होतं, कारण फोटो पुढच्या रांगांचा काढायचा होता आणि फोटोत कपाळं लाल दिसायला हवी होती. हे काकांनी ठरवलेलं. पिक्चर सुरू झाला, हिरोची बहीण गोठ्यात कोंडली गेली, बायका पदर तोंडाला लावून बघायला लागल्या आणि पिक्चर थांबला. दिवे लागले. साहेब आले होते. ते बहिणींसाठी कसे झिजतात यावर पुष्कळ वेळ बोलले. पडद्यावर ती पोरगी दोन्ही हात बांधलेली, तोंड उघडं, तशीच थांबून राहिली होती. साहेब तिच्या नाकासमोर उभे राहून बोलत होते.

मग पिक्चर परत सुरू झाला आणि इंटरव्हलला वाण वाटलं गेलं. प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर साहेब. वाण हातात पडलं की बायका उठायच्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. गाडीवाले बाहेर हॉर्न वाजवत असायचे. त्यांना दुसरी खेप आणायची असायची. घरी बायकांची जनावरं होती, स्वयंपाक होता. इंटरव्हलनंतर आत इकडेतिकडे विखुरलेल्या चार म्हाताऱ्या उरायच्या, त्याही झोपलेल्या. आणि मी मोबाइलवर तिकिटांचं ॲप उघडून पाहिलं तर सगळ्या खुर्च्या विकलेल्या. असा शो रोज. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच सगळं मुंबईहून कोटी होऊन आमच्या घरात यायचं आणि मी ते वाचून दाखवायची.

"देश पेटलाय बेटा या पिक्चरसाठी," काका म्हणायचे.

देश कसा पेटवतात ते मी रोज दुपारी तबक धरून पाहत होते.

काकूला आत जायला कधीच मिळालं नाही. उशिरा येणाऱ्या गाड्या इंटरव्हलपर्यंत येतच राहायच्या, त्यामुळे पहिला भाग ती दारात उभी राहून ऐकायची. इंटरव्हलनंतर काका तिला मॅनेजरच्या खोलीत बसवायचे, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांत तिळगूळ आणि सुपारी भरायला. त्या खोलीला लागूनच जनरेटर होता, तिथे स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. परिणाम असा झाला, की काकूला अर्धा पिक्चर तोंडपाठ आणि उरलेल्या अर्ध्याचा एक शब्द माहीत नाही.

घरी भाकरी थापता थापता ती बोलायला लागायची. "आता तो येतो बग. दार लाथंनं उघडतो. थांब... हां. आता ती म्हन्ते, 'भय्या, इतनी देर क्यूं कर दी.'" ती हिंदी वाक्यं अगदी बरोबर म्हणायची, मधलं संगीतसुद्धा तोंडानं वाजवायची. मग इंटरव्हल यायचा आणि तिचा हात परातीत थांबायचा.

"पुढं काय झालं असंल गं तिचं?"

"बघू का मी मोबाइलवर? सगळी स्टोरी लिहिलेली असते."

"न्हाई! सांगू नको. मला बगायचाय. खुर्चीत बसून बगायचाय."

तिनं बायकांना विचारून पाहिलं. गल्लीतल्या, साखऱ्याच्या, भाजीवालीला, कोणालाच माहीत नव्हतं. एकीनं सांगितलं, बहीण मरते. दुसरी म्हणाली, मरत न्हाई, तिचं लगीन होतं. दोघी इंटरव्हलला उठून आल्या होत्या. अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलेला पिक्चर, असं बॅनरवर लिहिलेलं होतं, आणि त्याचा शेवट सांगू शकणारं माणूस आम्हाला सापडत नव्हतं.

तिनं एकदा काकांनाही विचारलं, म्हणजे आपल्याला आत कधी बसू देणार ते. काका फोनवर होते. "आगं, हिट हाय तो. जातोय कुठं? बगशील निवांत," असं म्हणून त्यांनी फोनवरच्या माणसाला कालचा आकडा सांगितला.

रथसप्तमी झाली आणि हळदीकुंकू संपलं. साहेबांना हवे ते फोटो मिळाले होते. क्रूझर बंद झाल्या. बॅनर तसंच राहिलं, त्यावर नवी पट्टी चिकटवली गेली: 'सुपरहिट, चौथा आठवडा.' दोन-तीन दिवस गेले. मग बाजाराच्या दिवशी सकाळी काकू माझ्या खोलीत आली. वर येताना ती सहसा काहीतरी घेऊन येते, चहा, वाळलेले कपडे. त्या दिवशी हात रिकामे होते.

"आज दुपारी सुट्टी काढशील का?" ती म्हणाली. "पिक्चरला जाऊ. पैसे माजे."

काका साहेबांबरोबर औंढ्याला गेले होते, साहेबांना नागनाथाला अभिषेक करायचा होता, पिक्चरच्या यशाबद्दल. आम्ही घराला कुलूप लावून निघालो. काकूनं साधीच साडी नेसली होती, पण पर्समध्ये शेंगदाणे आणि पाण्याची बाटली घेतली होती. रस्ताभर ती माझ्यापुढे चालत होती.

टॉकीजवर तिकीट खिडकी बंद. मॅनेजर बाहेर खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी काकूला ओळखलं, उठून उभे राहिले. "अरे भाभी, आवो आवो. आज क्या प्रोग्राम है?"

"प्रोग्राम न्हाई. पिक्चर बगायचाय. दोन तिकिटं द्या."

मॅनेजर अवघडले. "तिकीट दिलं असतं भाभी, पण शो का भरोसा नहीं. दहा माणसं झाली तरच चालू करतो. दोन-चार लोकांसाठी मशीन लावली तर लाइटबिलसुद्धा निघत न्हाई."

"दहा?" मी म्हणाले. मला वाटलं माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही, पण मॅनेजर माझ्याकडे वळले.

"कल पाच होते. वापस भेजे. परसो तर कुत्रं न्हाई आलं."

त्यांच्या डोक्यावर 'सुपरहिट' होतं आणि त्यांच्या मोबाइलवर, त्यांनीच दाखवलं, त्या सकाळचा देशभराचा आकडा होता, आदल्या दिवसापेक्षा मोठा. त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मलाच हसू आलं, आणि ते मी दाबलं, कारण काकू हसत नव्हती. ती पायरीवर बसली होती. तिनं शांतपणे विचारलं, "आता किती हायेत?"

आम्ही दोघी. कोपऱ्यात उभं राहून एकमेकांकडे न बघण्याचं नाटक करणारी कॉलेजची एक जोडी. आणि बाजाराला आलेलं एक धनगर जोडपं. त्यांची मेंढरं विकली गेली होती आणि गावाकडची गाडी संध्याकाळी होती. बाई डोक्यावरचं गाठोडं न उतरवताच नवऱ्याला म्हणत होती, "बसायला मिळंल ना पर? मला निस्तं बसायचंय." सहाजण झालो.

काकूनं मोबाइल काढला. तिनं त्या महिन्यात जितक्या बायकांच्या कपाळाला हात लावला होता त्यातल्या पुष्कळ जणींचे नंबर तिच्याकडे होते, कारण गाडी कुठे थांबेल ते तीच सांगायची. ती एकेकीला लावत गेली आणि स्पीकर चालू ठेवला, म्हणून सगळं ऐकू येत होतं.

"ये ना गं टॉकीजवर. पिक्चर बगू."

"फुकट हाय का?"

"न्हाई, तिकीट हाय आज."

"मंग काहून येऊ? बगितलाय की म्या."

"अर्धा बगितलास."

"अर्धा तर अर्धा. डबा तर पुरा भेटला." आणि पलीकडे हसणं.

दुसरीनं विचारलं, वाण काय आहे. तिसरी म्हणाली, साहेब येणार असतील तर नवरा पाठवील, एरवी न्हाई पाठवणार. काकूनं फोन पर्समध्ये टाकला. धनगरबाई एव्हाना तिच्या शेजारी पायरीवर टेकली होती. ती म्हणाली, "न्हाई होणार वो. चला, माज्या पायाला तर आराम भेटला."

शो सुरू व्हायची वेळ टळून गेली. कॉलेजची जोडी निघायच्या तयारीत दिसली. ती दोघं गेली असती तर सगळंच संपलं असतं.

काकू उठली. "ओ, दहा माणसं पायजेत का दहा तिकिटं?"

मॅनेजर विचारात पडले. "मतलब... तिकिटंच म्हणा."

"मंग उरलेली चार मला द्या."

"भाभी, चार रिकाम्या खुर्च्यांची तिकिटं?"

"साहेबांनी घेतली तवा चालली. माजीच काय तकलीफ हाय?"

मॅनेजर मोठ्यानं हसले, गुडघ्यावर हात मारून. "बराबर है! भाभीने भी बुकिंग किया." त्यांनी आत बघून ओरडून मशीन लावायला सांगितलं. मी माझ्या मोबाइलवरून पैसे भरायला लागले तर काकूनं माझा हात धरला आणि पदराच्या गाठीतून नोटा काढल्या. ॲपवर आमच्या शोपुढे लाल अक्षरं आली, की तिकिटं झपाट्याने संपत आहेत.

आत गेल्यावर तिनं आधी चारही खुर्च्या शोधून काढल्या. मधल्या रांगेत, अगदी पडद्यासमोर. एकीवर पर्स ठेवली, एकीवर बाटली. चप्पल काढून पुढच्या खुर्चीवर पाय पसरले. इतके दिवस उभं राहून तिचे घोटे सुजलेले होते, ते मला तेव्हा पडद्याच्या उजेडात नीट दिसले. धनगरबाईला तिनं हाक मारली, "ओ बाई, इकडं या. ही पन माजीच हाय खुर्ची. पाय पसरा."

पहिला भाग मी आणि धनगरबाईनं बघितला, काकूनं मात्र तो तोंडानं म्हटला. आवाज कुठून येतो आणि चेहरा कोणाचा, हे आत्ता जुळत होतं, त्यामुळे ती मधेच दचकायची. "अगं बया, हा म्हातारा हाय व्हय? मला पोरगं वाटलं आवाजावरनं." पिक्चर अतिशय वाईट होता. प्रत्येक माणूस तीनदा हवेत उडून मग खाली पडत होता आणि दर वेळी हिरो गॉगल बदलत होता. मी ते तिला सांगितलं नाही.

इंटरव्हलला दिवे लागले आणि तिचा फोन वाजला. काका. तिनं नाव बघितलं आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. काकांशी कोणाच्या वतीनं बोलणं, तेही नाही म्हणायला, हे मी त्या घरात कधी केलं नव्हतं. मी फोन उचलला.

"कुठं हाव तुमी? घराला कुलूप! साहेब येऊन राहिले घरी. औंढ्याचा प्रसाद, पेढे, फोटोवाला, सगळे. काकूला दे."

"काकू पिक्चर बघतेय."

"पिक्चर? कोन्ता?"

"तुमचाच."

पलीकडे गाडीचा आवाज आला. "आगं, तिनं तो लय येळा बगितलाय! दे तिला."

"नाही बघितला. ती दारात होती." माझा कान गरम झाला होता. "संपल्यावर येईल."

"आन् चहा कोन करील? फोटोत कोन बसंल?"

"चहा चौकातून मागवा," मी म्हणाले आणि फोन बंद करून टाकला. काकू समोर बघत शेंगदाणे सोलत होती. तिनं मूठभर माझ्या हातात दिले.

मग दुसरा भाग सुरू झाला. भाऊ शहरात गेला, मग डोंगरावर, मग कुठल्याशा बर्फाच्या देशात. तिथे त्याला एक हिरोईन भेटली आणि दोघं बर्फात नाचले. त्यानं खलनायकाचा कारखाना जाळला, बोट बुडवली, हेलिकॉप्टर पाडलं. काकू पुढे झुकून बसली होती. दर थोड्या वेळानं विचारायची, "ती कुठंय?"

बहीण नव्हती. इंटरव्हलला तिला गोठ्यातून सोडवून एका बाजेवर बसवलं होतं, त्यानंतर ती पडद्यावर आलीच नाही. शेवटी भावानं खलनायकाला मारलं, सगळं गाव त्याच्या पाया पडलं, तो हिरोईनला घेऊन गाडीत बसला आणि नावं वर सरकायला लागली. कॉलेजची जोडी उठली. धनगर नवऱ्यानं बायकोला हलवून जागं केलं. मशीनवाल्यानं दिवे लावले आणि पडदा फिका झाला.

"बंद करू नका," काकू मागे वळून ओरडली. "अजून आली न्हाई ती."

मशीनवाल्यानं दिवे परत घालवले. आम्ही शेवटच्या नावापर्यंत बसून राहिलो. मग पडदा काळा झाला. काकूनं चपला शोधल्या, पर्स घेतली आणि बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"ईसरले तिला," ती म्हणाली.

आम्ही घरी निघालो. मी म्हणाले, "फारच वाईट होता ना?" ती म्हणाली, "दारातनं लय बरा वाटत व्हता." मग मंडईशी थांबून कोथिंबीर घेतली.

घराचं कुलूप काकांनी आपल्या किल्लीनं काढलं होतं. बैठकीत साहेब, काका, फोटोवाला आणि साहेबांबरोबर कायम असतात ते दोघे. चहा चौकातून आलेला होता, कागदी कपांत, आणि निवला होता. काकांचं तोंड लाल. पण साहेबांसमोर त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हसतच सांगितलं, "बगा साहेब, लोकं एकदा बगतात, आमच्या घरी तर पुन्हा पुन्हा चालूच हाय."

"वा, वहिनी!" साहेब म्हणाले. "आपल्या लोकांनी हिट केला बरं का हा पिक्चर."

काकूनं आत जाऊन ताजा चहा ठेवला. मी कप मांडत होते. ट्रे घेऊन ती बाहेर आली आणि काकांपुढे कप ठेवताना सहज विचारलं, "तुमी तर पुरा बगितला ना वो?"

"मंग! पयल्याच दिवशी," काका म्हणाले. पहिल्या दिवशी ते दोन शो साहेबांच्या गाडीला जागा धरून टॉकीजबाहेर उभे होते. मी त्यांना बघितलेलं आहे.

"शेवट लय भारी हाय पर," काकू म्हणाली. "ती बहीण सगळ्या गावासमोर भावाच्या थोबाडीत देती. मला तर रडूच आलं."

मी हातातला कप घट्ट धरला.

"हां, तो सीन!" काकांनी मांडी बदलली. "त्या सीनला तर पब्लिक उभं ऱ्हातं, साहेब. शिट्ट्या! भावाच्या थोबाडीत मारती, आन् भाऊ मान खाली घालून उभा."

"अहो, तिथं तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं," साहेब म्हणाले. त्यांनी छातीवर हात ठेवला. बरोबरच्या दोघांनी माना हलवल्या. फोटोवाल्यानं तेवढ्यात एक फोटो काढून घेतला. "बहिणीचा तो अधिकारच आहे. परवाच्या सभेत मी हाच सीन सांगणार आहे."

"सांगा," काकू म्हणाली. "आन् त्याच्यानंतर ती काय करती, ते पन सांगा."

साहेबांनी क्षणभर काकांकडे बघितलं. काकांनी पेढा तोंडात टाकला.

"घरी जाते," साहेब म्हणाले.

"बराबर," काकू म्हणाली, आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.